मणक्यात ‘गॅप’?

अकरावीतल्या मुलाच्या कमरेचा एक्स-रे काढला, रिपोर्टात ‘स्पायना बायफिडा ऑकल्टा’ आलं. याला मराठीत ‘मणक्यात गॅप’ म्हणायचं का, असा एका आईचा प्रश्न.

या ‘गॅप’ने माझं डोकं उठवलंय. कंबर धरली की जो तो म्हणतो, ‘मणक्यात गॅप आलीय.’ अहो, तिथे दोन मणक्यांमधली चकती झिजून अंतर कमी झालेलं असतं. गॅप आली कुठे, होती तीच गेली!

असो. गंमत ‘बायफिडा’त आहे. लॅटिन ‘बि’ म्हणजे आपलं ‘द्वि’. ‘फिंदेरे’ म्हणजे चिरणं, आणि ते आपल्या ‘भिद्’चं सख्खं चुलत भावंड. संस्कृतात भ, तिथे फ: भ्राता-फ्रातेर, तसंच भिनत्ति-फिंदित. म्हणजे भेद, भिन्न आणि बायफिडा एकाच घरचे! ‘स्पायना’ म्हणजे मुळात काटा. माशाच्या हाडाला आपणही काटाच म्हणतो की.

परिभाषेचे जाणकार ‘द्विभाजित कणा’ सुचवतात, ते मला साफ नामंजूर. ‘भाजित’ भज् धातूचं, वाटणी करण्याचं. शिवाय मज्जारज्जूच दुभागलेला असतो असा वेगळा जन्मदोष आहे. मग त्याला काय म्हणणार? ‘दुभंग’मध्ये भञ्ज्, मोडणं. इथे मोडलंय काय?

खरं तर लॅटिन नावच चुकलंय. काही चिरलेलं नसतं, जुळायचं राहिलेलं असतं. गर्भाच्या पाठीवरचा पेशींचा सपाट पट्टा कडा उचलतो, करंजीच्या कडा जुळाव्यात तशी त्याची नळी होते, तिचाच पुढे मज्जारज्जू. तिचं खालचं टोक साधारण २८व्या दिवशी मिटतं. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. ते मिटलं नाही तर मज्जारज्जू उघडा राहतो, तो गंभीर प्रकार. ‘ऑकल्टा’, म्हणजे झाकलेल्या प्रकारात नळी मिटलेली असते. तिच्यामागे तयार होणाऱ्या हाडाच्या कमानीची दोन टोकं तेवढी भेटत नाहीत. एक्स-रेत कमरेच्या पाचव्या किंवा त्रिकास्थीच्या (कमरेखालच्या तिकोनी हाडाच्या) पहिल्या मणक्यावर बारीक उभी काळी फट दिसते, बस्स. बहुतेकांना तिचा त्रास नसतो. वर कातडीवर केसांचा झुपका किंवा खोल खळगा असेल, तर मात्र आतलं बघायला एमआरआय करतात.

हां, प्रश्न गॅपचा होता. इथे फट खरीच आहे, पण ‘आलीय’ म्हणू नका, ती जन्मापासूनची. आजीला सांगताना ‘मणक्याची कमान मागून सांधली नाही’ एवढं पुरे.