मुलांना वेगवेगळ्या संस्कृतींच्या संख्यापद्धती कशा शिकवाव्यात?

तुम्ही लिहिलंय की सहावीच्या वर्गात बॅबिलोन, माया, रोमन असा तक्ता लावता, मुलं तो पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. मीही गणित शिकवते आणि सुरुवातीची काही वर्षं माझ्याही वर्गात हेच व्हायचं. आता मी चिन्हं शेवटी दाखवते. आधी अडचण मुलांच्या हातात देते.

बॅबिलोनपासून सुरुवात करा. प्रत्येकाला शाडूच्या मातीचा गोळा आणि एक काडी द्या. उभी पाचर म्हणजे १, कोनासारखी खूण म्हणजे १०. एवढ्या दोनच खुणांनी ५९ पर्यंत लिहिता येतं. ६० आले की पुन्हा तीच उभी पाचर, फक्त डावीकडच्या घरात. आता जोड्या करा: एकाने २, ६१ आणि ३६०१ यांतली एक संख्या लिहायची, दुसऱ्याने वाचायची. तिन्हींत पाचरी दोनच! दहा मिनिटांत भांडणं सुरू होतात. "बाई, ही मधली जागा नुसती आहे की त्यात एक घर रिकामं आहे?" हा प्रश्न मुलांकडून आला की माझं निम्मं काम झालेलं असतं. मग सांगायचं की तिथल्या लेखनिकांनाही हीच अडचण होती. ते शतकानुशतकं संदर्भावरून अर्थ लावत राहिले आणि फार उशिरा, इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास, मधल्या रिकाम्या घरात दोन तिरप्या पाचरी लिहू लागले. पण संख्येच्या शेवटी ती खूण ते लिहीत नसत. त्यामुळे १ आणि ६० दिसायला सारखेच राहिले.

शून्याचं काम त्या दिवशी मुलांना जसं कळतं, तसं ते मी फळ्यावर कधीच समजावू शकले नाही.

माया पद्धतीला चिंचोके, काड्या आणि कवड्या पुरतात. चिंचोका १, काडी ५ आणि शून्यासाठी कवडी, कारण त्यांची शून्याची खूण शिंपल्यासारखीच होती. घरं खालून वर चढतात, वीस-विसाच्या पटीत. २७० मांडायला सांगा: वर १३, म्हणजे दोन काड्या नि तीन चिंचोके; खाली १०, म्हणजे दोन काड्या. (दिवस मोजताना त्यांचं तिसरं घर ४०० ऐवजी ३६० चं असे, हे हुशार मुलांसाठी राखून ठेवा.) शून्य फक्त आपल्याकडेच सुचलं, असं मुलं अभिमानाने सांगतात. त्यांना रागवू नका, पण माया लोकांनीही ते स्वतंत्रपणे शोधलं होतं हे सांगाच.

इजिप्त आणि रोमन मी एका तासिकेत आटोपते. रोमनमध्ये एकच गोष्ट थांबून दाखवण्यासारखी आहे. लॅटिनमध्ये १९ ला 'उंदेविगिंती' म्हणतात, म्हणजे विसाला एक कमी. आपलं 'एकोणीस' हुबेहूब तेच. मुलं लगेच एकोणतीस, एकोणचाळीस मोजू लागतात आणि ९९ ला 'नव्याण्णव' का, असं विचारतात. विचारू द्या.

मग आपल्याकडे या. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखात यज्ञातल्या दक्षिणेचे मोठमोठे आकडे कोरलेले आहेत. पण तिथे शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगळी चिन्हं आहेत आणि चार हजार लिहायला हजाराच्या चिन्हाला चार जोडले आहेत. सहल काढता आली तर तिथेच न्या. त्यानंतर ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या सन ८७६ च्या लेखाचा फोटो दाखवा. त्यात २७० हा आकडा आज आपण लिहितो तसाच आहे, शेवटच्या शून्यासकट. मुलांनी तोच २७० आधी चिंचोक्यांनी मांडलेला असतो, मातीतही उमटवायला लावा (चार पाचरी, तीन कोन). मग तिन्ही शेजारी ठेवा आणि विचारा: याला दहाने गुणायचं झालं तर कुठे सगळ्यात सोपं जाईल?

या सगळ्याला मला पाच तासिका लागतात. माती आदल्या दिवशी भिजवून ठेवा.