नौदलातून 15 वर्षांनी निवृत्त झाल्यावर अग्निशमन दलात जावे का?

आपली 15 वर्षांची सेवा संपत आली आहे, घरचे बँकेतील सुरक्षारक्षकाच्या जागेचा आग्रह धरत आहेत आणि आपल्या मनात अग्निशमन दलाचा अर्ज भरायचे आहे. भरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मी 1996 मध्ये नौदलातून सुटलो, पुढच्या वर्षी कोल्हापुरात बंबावर रुजू झालो आणि 2020 मध्ये तांडेल (बंबावरच्या जवानांचा म्होरक्या) म्हणून निवृत्त झालो. (तांडेल हा शब्दही मुळात गलबतावरचाच.) आपल्या घरच्यांसारखाच आग्रह तेव्हा माझ्या दाजींनी धरला होता. ते स्वतः बँकेत होते. "नळीनं पाणी काय, शेंबडं पोरगंही मारेल," असे ते भर पंगतीत म्हणाले होते.

पाणी मारणे सोपेच असते. मारलेले पाणी पुढे कुठे जाणार, हा विचार मात्र जहाजावर पहिल्यापासून अंगी बाणवावा लागतो, कारण तिथे ते पंपाने उपसल्याशिवाय बाहेर जात नाही. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर 1942 मध्ये पेटलेले नॉर्मंडी हे अवाढव्य जहाज आग विझवण्यासाठी मारलेल्या पाण्याच्या भारानेच कलंडले. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात प्रशिक्षण घेताना हे उदाहरण मी ऐकले होते, पण त्याचा उपयोग समुद्रापासून इतक्या दूर, कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत होईल असे वाटले नव्हते.

तिथल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, रात्री लाकडी पॅटर्न (ज्यांवरून साचे बनवतात ते नमुने) ठेवायच्या खोलीला आग लागली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा कामगार बाहेर पळाले होते आणि भट्टीशेजारी वितळलेल्या लोखंडाने भरलेले लेडल, म्हणजे ओतायचे मोठे भांडे, तसेच उभे होते. पॅटर्नच्या खोलीपासून भट्टीच्या खड्ड्यापर्यंत जमिनीला उतार होता. पुढच्या पोराने ब्रँच (नळीचे तोंड) रोखली होती, होज (पाण्याची नळी) फुगू लागला होता, आणि मी मागे वळून वाहनचालकाला दोन्ही हातांनी पाणी थांबवण्याची खूण केली. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे 1,700 पट फुगते. खड्ड्यात पाणी साचले असते आणि त्यावर तो रस सांडला असता, तर शेडचे पत्रे उडाले असते आणि आम्हीही. साहेब ओरडत होते, आग वाढत होती, आणि आम्ही चौघे घमेल्यांनी वाळू टाकून उतारावर बांध घालत होतो. तीही कोरडी वाळू शोधून, कारण साच्यांसाठी कालवलेली वाळू ओलसर असते. बांध झाल्यावर मागची खिडकी फोडून तिथून बारीक फवारा सोडला. पॅटर्न जळून गेले आणि मालक आठवडाभर आमच्या नावाने बोटे मोडत होता.

ही हकिकत मी दाजींना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे पाणीसुद्धा मारलं नाहीस?"

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. भरतीनंतरच्या प्रशिक्षणात विशीतल्या मुलांबरोबर शिडी चढावी लागते आणि पस्तिशीतले गुडघे तेव्हा बोलू लागतात. माजी सैनिकांना राखीव जागा आणि वयाची सवलत असते, तरी उंची व छातीच्या अटी जाहिरातीत नीट वाचाव्यात. माझी नेमणूक जुनी असल्याने मला जुन्या नियमाने निवृत्तिवेतन मिळते. 1 नोव्हेंबर 2005 पासूनच्या नेमणुकांना ते नियम लागू नाहीत, हा हिशेब घरच्यांसमोर मांडूनच निर्णय घ्यावा. दिवाळीच्या रात्री मी एकदाही घरी नव्हतो. दाजी दर दिवाळीला घरी असत, आणि माझ्या मुलांना फुलबाज्या त्यांनीच पेटवून दिल्या, हेही इथे लिहिले पाहिजे.