विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये नवीन सुपरवायझर झालोय, रॅम्पवरच्या (विमानं उभी राहतात तिथल्या) पोरांना दुखापती होऊ नयेत म्हणून नेमकं काय करू?

तुम्ही लिहिलंय की बूट, जॅकेट, इअरमफ सगळं वाटून झालं, पोस्टर पण लावले, तरी दर महिन्याला कोणी ना कोणी मेडिकल रजेवर जातंच. मी बरीच वर्षं रॅम्पवर काढली, आता नव्या मुलांना ट्रेनिंग देतो, त्यामुळे जे रोज बघतो तेच सांगतो. पोस्टर वाचून कोणाची कंबर वाचल्याचं अजून तरी पाहिलेलं नाही.

अपघात म्हटला की सगळ्यांच्या डोळ्यासमोर इंजिन येतं, पण माणसं कामातून बाद होतात ती जास्त करून कंबर, खांदा नाहीतर गुडघ्यापायी. ७३७ किंवा ए३२० विमानाच्या बेलीत (पोटातल्या सामानाच्या जागेत) तुम्ही स्वतः एकदा पूर्ण फ्लाइट लोड करून बघा, मग कळेल. आतली उंची जेमतेम १.२ मीटर, उभं राहता येत नाही, गुडघ्यावर बसून बेल्टवरून आलेली बॅग घ्यायची, तशीच कमरेत वळून मागच्याकडे ढकलायची आणि वरच्या थरात टाकायची असेल तर खांद्याच्या वर उचलायची, आणि हे एकामागून एक चालूच. अमेरिकेत नायॉश म्हणून संस्था आहे, त्यांचं वजन उचलायचं एक सूत्र आहे. त्यात सगळं आदर्श असेल, म्हणजे वजन अंगाजवळ, दोन्ही हातांत नीट पकड, कमरेला पीळ नाही, मध्ये पुरेशी विश्रांती, तर मर्यादा धरलीय २३ किलो. आणि बऱ्याच एअरलाइन्सची साधी बॅग पण २३ किलोपर्यंत, एक बॅग जास्तीत जास्त ३२ पर्यंत चालते. म्हणजे आदर्श स्थितीत जेवढं चालेल तेवढं वजन आपण सगळ्यात वाईट स्थितीत उचलायला लावतो, वर पोराला सांगतो की "पाठ सरळ ठेव". सव्वा मीटरमध्ये कुठली सरळ ठेवणार?

म्हणून पहिला जोर इथे लावा. बेलीच्या आत जाणारा रोलरवाला बेल्ट मिळत असेल तर भांडून मागा, बॅग उचलण्याऐवजी सरकवता आली की निम्मा त्रास तिथेच संपतो. तो नसेल तर बेलीत दोन माणसं द्या आणि प्रत्येक फ्लाइटनंतर आतला बाहेर, बाहेरचा आत करा, एकच बिचारा पूर्ण शिफ्ट आत नको (आणि तो नेहमी सगळ्यात नवीन पोरगाच असतो, बघा). नीपॅड द्या. हेवी टॅगच्या बॅगा खालच्या थरात.

आता इंजिन. ३१ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेत अलाबामातल्या माँटगोमेरी विमानतळावर एंब्रेअर १७५ च्या चालू इंजिनात एक रॅम्प कर्मचारी ओढली गेली. विमानाचं एपीयू (उभ्या विमानाला वीज देणारं छोटं इंजिन) बंद होतं, म्हणून ग्राउंड पॉवर, म्हणजे बाहेरची वीज, लागेपर्यंत इंजिन चालू राहणार हे टीमला विमान येण्याआधी सांगितलेलं होतं. माहिती नव्हती अशातला भाग नाही. सवय अशी की विमान थांबलं, चाकांना चोक (अडसर) लागले की विमानाभोवती ठेवायचे शंकू, म्हणजे कोन, घेऊन पळायचं, आणि पाय सवयीने चालतात. त्यामुळे नुसतं ब्रीफिंग पुरत नाही. माझ्याकडे नियम असा की विमानावरचा लाल बीकन (इंजिन चालू असल्याची खूण देणारा दिवा) चालू आहे तोवर ज्यांचं काम चोकचं किंवा पॉवर केबलचं आहे तेवढेच पुढे जाणार, ते पण ठरलेल्या वाटेने, बाकी सगळे लाइनच्या मागे उभे, आणि अंगठा वर करून "चला" म्हणणारा माणूस एकच. एपीयू बंद असलेलं विमान येणार असेल तेव्हा कोण पुढे जाणार त्याचं नाव आधी घ्या, "कोणीतरी जा" असं अजिबात नको.

उंचीवरून पडणं लोक फार हलक्यात घेतात. ए३२० चं दार जमिनीपासून तीन मीटरहून वर असतं, आणि जिना किंवा केटरिंगची गाडी हटवताना दार उघडंच राहिलं तर आतला माणूस सवयीने पाऊल टाकतो. दारात लावायचा तो पट्टा दिसण्यापुरता आहे, माणसाचं वजन धरायला नाही. दार बंद झाल्याचं डोळ्यांनी बघितल्याशिवाय जिना हलवायचा नाही, बस.

कानाचं थोडक्यात. ८५ डेसिबलला ८ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, ८८ ला ४ तास, ९१ ला २. चालू इंजिनाजवळ आवाज यापेक्षा कितीतरी वर असतो, तिथे प्लग आणि मफ दोन्ही लागतात. वॉकीटॉकीसाठी एक कान उघडा ठेवणारे तुमच्याकडे पण असणार, त्यांना हेडसेट मिळवून द्या, ओरडून काही होत नाही.

खरी अडचण टर्नअराउंडची आहे. अर्ध्या तासात विमान परत सोडायचं म्हटल्यावर पोरं टो बारवरून (विमान ओढायच्या-ढकलायच्या दांड्यावरून) उडी मारणार, बेल्ट लोडरवरून चालत वर जाणार, ट्रॅक्टर दामटणार, हे ओघानेच आलं. तुम्ही सुपरवायझर आहात ना, मग "थांबा" म्हणायचा हक्क लोडरला पण द्या आणि त्यामुळे झालेला डिले स्वतःच्या नावावर घ्या. एकदा घेतलात की पोरांचा विश्वास बसतो. आणि थोडक्यात वाचल्याचे रिपोर्ट यायला हवे असतील तर रिपोर्ट देणाऱ्याला मेमो द्यायचा नाही, एकाला दिलात की पुढचे सहा महिने कागदावर सगळं छान छान दिसेल आणि खाली काय चाललंय ते तुम्हाला कधीच कळणार नाही. मुद्दाम नियम मोडणारा वेगळा, त्याला सोडू नका.

आणि हो, उद्यापासून अंगठ्या काढायला लावा. डॉलीवरून (सामानाच्या गाडीवरून) किंवा ट्रकवरून उडी मारताना अंगठी पत्र्यात अडकली की बोटाची कातडी सोलून निघते, याला एक पैसा खर्च नाही आणि वरून परवानगी पण लागत नाही.