माईचं पातेलं

प्रिय सई,

परवा शाळेतून विषारी धातूंचा धडा शिकून आलीस आणि शेल्फवरचं माईचं पितळी पातेलं बघून विचारलंस, "बाबा, यातून तुमच्या रक्तात विष जायचं ना?" मी "नाही गं" म्हणून विषय संपवला. तो तसा संपणारा नव्हता.

बिनकल्हईच्या भांड्यात माई ताक कधीच ठेवायची नाही. कळकतं म्हणायची. आंबटाने पितळेतलं तांबं सुटतं, हे तिला जिभेवर कळायचं. कल्हईवाला अंगणात बसला की भात्याचं चाक मी आणि नलूआत्या आळीपाळीने फिरवायचो. नवसागराचा पांढरा धूर उठायचा, कापसाच्या बोळ्याने कथील आत फिरायचं आणि पिवळं पातेलं बघता बघता चांदीचं व्हायचं. मग पाण्यात चर्र! तो आवाज तुला ऐकवता आला असता तर.

तांबं थोडं लागतंच शरीराला. यकृत ते सेरुलोप्लाझ्मिन नावाच्या विकरात (एन्झाइममध्ये) बसवून रक्तात सोडतं, एका रेणूत सहा अणू. रक्तद्रवातलं बहुतेक तांबं असं बांधलेलं फिरतं, सुटं हिंडत नाही. जास्तीचं यकृत पित्तावाटे काढून टाकतं. म्हणून आम्ही मोठे निभावलो असू.

पण तान्ह्या बाळाला ते नीट जमत नाही. 1980च्या दशकात पुण्यातल्या डॉक्टरांनी लहान मुलांच्या यकृताच्या एका जीवघेण्या रोगाचा संबंध तांब्यापितळेच्या भांड्यांत तापवलेल्या वरच्या दुधाशी जोडला. माई दूध पितळीतच तापवायची, आणि कल्हई वर्षभर थोडीच टिकते! नलूआत्याच्या पाठचा बाळू वर्षाचा होऊन गेला. पोट फुगलं होतं, एवढंच माई सांगायची. त्याला काय झालं होतं ते कुणी तपासलं नाही. मी माईला दोष देत नाही, तूही देऊ नकोस.

शिशाचं मात्र वेगळं. त्याची विल्हेवाट लावणारं विकर रक्तात नाहीच. उलट तांबड्या पेशींत हीम, म्हणजे प्राणवायू धरणारा रक्तातला लाल घटक, घडवायला लागणाऱ्या एका विकरातल्या जस्ताची जागा शिसं बळकावतं आणि ते विकर बंद पाडतं. कथलात शिशाची भेसळ असली तर कल्हईच घात करते. म्हणून ते पातेलं शेल्फवर आहे, गॅसवर नाही.

तुला ते पुढे जपायचं नसेल तर नको जपूस, खरंच. फक्त सुट्टीत गेलो की नलूआत्याला विचार, कळकलेलं ताक कसं लागतं. मला चव आठवते, सांगता येत नाही.

तुझा
बाबा