आठवडाभर वर्गात चालतं तरी काय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्राथमिकच्या वर्गात आठवडाभर नक्की काय चालतं यावर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात लिहिलं होतं, भरपूर आले. पालकांचे सगळ्यात जास्त, काही शिक्षकांचे, एक आजोबांचा. सारखे होते ते एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, पण तो विषय दोन ओळीत उरकण्यासारखा नव्हता.

प्रश्न: ताई, माझी मुलगी दुसरीत आहे. दर सोमवारी टीचर ग्रुपवर आठवड्याचं प्लॅनिंग टाकतात, हातच्याची वजाबाकी, बियांचा प्रयोग, गोष्टवाचन, शुक्रवारी श्रुतलेखन वगैरे. पण वही बघावी तर चार दिवसांत जेमतेम दीड पान. आज काय शिकवलं विचारलं तर म्हणते काही नाही, काड्यांशी खेळलो. मला टेन्शन येतं, हे खरंच शिकवतायत का?
– दुसरीतल्या मुलीची आई

उत्तर: शिकवतायत, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून बरंच विचार करून शिकवतायत असं मला वाटतं. त्या काड्यांचंच बघू. समजा 42 मधून 17 घालवायचेत. या वयाची खूप मुलं उत्तर 35 लिहितात, आणि ते धांदरटपणामुळे नसतं. मूल एककाच्या घरात बघतं, 2 आणि 7, मोठ्यातून लहान घालवायचा हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून 7 मधून 2 घालवतं, 5 येतात, दशकात 4 मधून 1 गेला की 3, झाले 35. त्याच्या हिशोबाने सगळं बरोबरच आहे. अशा मुलाला वहीत वीस गणितं घातली तर ते वीसही वेळा तेच करणार आणि चूक आणखी घट्ट बसणार, वही मात्र छान भरलेली दिसेल.

म्हणून टीचर आधी काड्या काढतात. दहा-दहाचे चार गठ्ठे, दोन सुट्या, आणि यातल्या सतरा मला दे म्हणतात. मूल एक गठ्ठा देतं, मग सुट्या सात द्यायला जातं तर सुट्या दोनच. तिथे थांबतं, शेजारच्याकडे बघतं, टीचरकडे बघतं, आणि मग कधीतरी स्वतःच एका गठ्ठ्याचा रबर काढतं. तो रबर निघतो तेव्हा हातचा म्हणजे काय ते कळतं. आता सुट्या बारा, सात दिल्या, पाच राहिल्या, गठ्ठे दोन, पंचवीस. हे व्हायला अख्खा तास गेला तरी तो वाया गेला नाही.

पुढे मग मंगळवारी त्याच काड्यांची चित्रं, बुधवारी चित्राशेजारी आकडे, गुरुवारी नुसते आकडे आणि एखादं शाब्दिक उदाहरण, असं सरकत सरकत वहीपर्यंत येतात. लिखाण आठवड्याच्या शेवटी दिसतं ते त्यामुळे. आणि एवढ्यावर संपत नाही, पुढच्या आठवड्यात दुसरा टॉपिक चालू असताना मधेच वजाबाकीची दोन गणितं परत यायला हवीत. ती येतात का, यावर लक्ष ठेवा, पानं मोजण्यापेक्षा त्याने जास्त कळेल.

आज काय शिकवलं हा प्रश्न मुलांना फार मोठा वाटतो म्हणून काही नाही असं उत्तर येतं. त्याऐवजी प्लॅनिंगमधलं एक उचला आणि म्हणा, काड्यांनी वजाबाकी कशी करता मला दाखव ना. दाखवताना अडली तर लगेच सांगू नका, जरा वेळ द्या. दोन-तीन आठवड्यांनीही काड्या हातात असून जमत नसेल तर मात्र टीचरना भेटा, आणि भेटताना तिने सोडवलेलं एखादं चुकलेलं गणित बरोबर न्या, नुसतं कच्ची आहे म्हणून बोलणं पुढे सरकत नाही.

प्रश्न: मुलगा तिसरीत. दर शुक्रवारी दहा शब्दांचं श्रुतलेखन असतं. गुरुवारी रात्री प्रत्येक शब्द दहा-दहा वेळा लिहून घेते, शुक्रवारी दहापैकी दहा, आणि पुढच्या बुधवारी निबंधात तेच शब्द चुकलेले. लक्षच नसतं म्हणून ओरडा खातो.
– एक वैतागलेली आई

उत्तर: ओरडणं आधी थांबवा, त्याचं काही चुकत नाहीये, पद्धत चुकतेय. एका रात्रीत घोकलेलं असंच उडतं, सगळ्यांचंच उडतं. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 साली ते छापले, त्यात दिसलं की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात जोरात होतं, नंतर त्याचा वेग कमी होतो. 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना उतारे दिले, काहींनी परत वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर परत वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. तुमच्या मुलाचा शुक्रवार आणि पुढचा बुधवार यात हेच चाललंय.

आणि दहा-दहा वेळा लिहिताना मुलं काय करतात ते एकदा शेजारी बसून बघा. वरचा शब्द बघून खालचा उतरवतात. कित्येक जण तर आधी पहिलं अक्षर उभं खालपर्यंत लिहितात, मग दुसरं अक्षर खालपर्यंत, शब्द म्हणून तो डोक्यात जातच नाही. ओळीत एकदा चुकला की पुढे सगळे चुकलेले, तेही सुवाच्य.

त्यापेक्षा सोमवारीच दहाही शब्द तोंडी सांगा, न बघता लिहू दे, मग पुस्तक उघडून त्याचं त्यानेच तपासू दे. चारच चुकले असतील तर मंगळवारी फक्त ते चार. बुधवारी सुट्टी. गुरुवारी परत न बघता दहा. पुढच्या आठवड्यात नव्या शब्दांत जुने दोन घुसवा. रोज पाच मिनिटं, त्याहून जास्त नको. अजून एक, चूक नीट बघा. प्रकाश ऐवजी परकाश लिहित असेल तर त्याला प् ला र जोडायचा कसा हेच कळलेलं नाही, मग तो एक शब्द घोटून उपयोग नाही, प्रवास, क्रम, ग्रह असे चार शब्द एकत्र घेऊन ते अक्षर शिकवायला लागेल. ह्रस्व-दीर्घ चुकत असेल तर वेगळं काम. दहापैकी सात एवढ्या आकड्यातून यातलं काहीच कळत नाही.

प्रश्न: यावर्षी पहिल्यांदाच वर्ग मिळालाय, दुसरी, 34 मुलं. रविवारी बसून पूर्ण आठवड्याचा प्लॅन करते, गटागटाने काम करायला वर्गात कोपरे करते, वाचनाचा, गणिताचा, चित्रांचा, आणि बुधवारपर्यंत सगळं कोलमडतं. मी एका गटाशी बसले की बाकीचे दर दोन मिनिटांनी टीचर टीचर करत येतात.
– नवीन शिक्षिका

उत्तर: तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं, कोपरे करायचा खटाटोप सगळे करत नाहीत. बहुतेक अडचण अशी आहे की सगळ्याच कोपऱ्यांत नवीन काहीतरी ठेवलंय. मग सगळ्याच ठिकाणी टीचर लागणार आणि टीचर तर एकच. साधा नियम ठेवा, नवीन जे असेल ते फक्त तुम्ही बसाल त्या गटात. बाकीच्या कोपऱ्यांत मुलांना आधीच येणारं काम, गेल्या आठवड्याचं, त्याच्या आधीच्या महिन्याचं. सोपं वाटेल तुम्हाला, पण जुनं परत आठवायची ती उत्तम जागा आहे, वर श्रुतलेखनात जे लिहिलं तेच.

कोपरे सुरू करण्याआधी पहिले काही दिवस फक्त कोपऱ्यात जायचं कसं, सामान ठेवायचं कसं, अडलं तर आधी गटातल्या कोणाला विचारायचं एवढंच शिकवा, अभ्यास म्हणून शिकवा. 34 मुलं एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना दर वेळी पाच मिनिटं गेली आणि दिवसातून चारदा झालं तर वीस मिनिटं तिथेच गेली की.

प्लॅन उलटा करा, शुक्रवारपासून मागे. शुक्रवारी मुलांना नक्की काय करता यायला हवं ते एका वाक्यात लिहा, भाषेत एक, गणितात एक, बस. रोजच्या दोन गोष्टी मात्र कधी हलवू नका, मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणं आणि तोंडी आकडेमोड, बाकी प्लॅन विस्कटला तरी या दोन ठराविक वेळेला होतायत म्हटल्यावर मुलं स्थिर राहतात. गुरुवारी सुटायच्या आधी छोट्या कागदावर एकच गणित द्या. घरी नेऊ नका, तिथेच तीन ढीग करा, जमलं, अर्धवट, अजिबात नाही. शुक्रवारी तुम्ही कोणाबरोबर बसायचं ते त्या तिसऱ्या ढिगाने ठरतं. आणि शुक्रवारचा शेवटचा तास मोकळाच सोडा, राहिलेलं तिथे जाईल. काहीच राहिलं नाही तर परत गोष्ट वाचा!

प्रश्न: आमच्या मुलीला आठवड्यातून एकदा वर्गापुढे एखादी वस्तू दाखवून बोलायचं असतं. घरी तोंड बंद होत नाही, तिथे मात्र गप्प. टीचर म्हणतात दुसऱ्याही प्रश्नांना उत्तर देत नाही. तिला धीट कसं करू?
– पहिलीतल्या मुलीचे बाबा

उत्तर: पहिलीतलं मूल आहे बाबा, सगळ्या वर्गासमोर एकटं उभं राहणं ही छोटी गोष्ट नाही. यात घरापेक्षा वर्गात करण्यासारखं जास्त आहे, टीचरशी मोकळेपणाने बोला. मेरी बड रो नावाच्या संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांमधल्या टेप ऐकून मोजलं होतं, प्रश्न विचारल्यावर टीचर साधारण एक सेकंदच थांबतात आणि पुढच्याला विचारतात. तेच तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबली, जास्त मुलं बोलायला लागली, माहीत नाही म्हणणं कमी झालं. तीन सेकंद! तुमची मुलगी त्या एका सेकंदात मनात वाक्य जुळवत असणार आणि तेवढ्यात संधी गेलेली असणार.

दुसरं म्हणजे आधी शेजारच्या मुलीला सांगायचं, मग चौघींच्या गटात, मग जमलं तर वर्गात. हे बऱ्याच शाळांमध्ये चालतं, टीचरना सुचवलं तर नाही म्हणणार नाहीत. घरी पाठ करून घेऊ नका, पाठ केलेलं एका शब्दाला अडकलं की सगळंच अडकतं. वस्तू तिला निवडू दे, तिने वापरलेली, तिला माहीत असलेली, आणि घरी नुसतं विचारा की ही कुठे मिळाली, याने काय करतेस. आणि सगळ्यांसमोर ही लाजाळू आहे असं म्हणू नका हो, तिच्या कानावर पडतं ते.

प्रश्न: बाई, नातवाला शाळेतून प्रयोग दिला. ओल्या कापसावर घेवड्याच्या बिया, एक वाटी खिडकीत, एक बंद कपाटात. कपाटातली रुजून हातभर वाढली, खिडकीतली रुजलीच नाही. पोरगं रडवेलं झालंय, पुस्तकात म्हणे झाडाला उजेड लागतो, म्हणजे माझा प्रयोग चुकला. खिडकीत गुपचूप एक रुजलेली बी ठेवून देऊ का?
– एक आजोबा

उत्तर: आजोबा, नका ठेवू, त्याचा प्रयोग मस्त झालाय. बी रुजायला पाणी, हवा आणि ऊब लागते, घेवड्यासारख्या बीला तेव्हा उजेडाची गरज नसते कारण सुरुवातीचं अन्न तिच्या दोन जाड दलांतच भरलेलं असतं. खिडकीतला कापूस उन्हाने वाळला असणार, नाहीतर कोणी काळजीने इतकं पाणी घातलं की बीला हवाच मिळाली नाही, हात लावून बघायला सांगा. आणि कपाटातलं रोप नीट बघा दोघं मिळून, पिवळट असेल, देठ लांब आणि लेचापेचा, उजेड शोधत नुसतं ताणलं गेलंय. ते आता खिडकीत आणा, काही दिवसांत पानं हिरवी होतील, तेही त्याला वहीत काढू दे. रोज दोऱ्याने उंची मोजून तो दोरा वहीत चिकटवला तर आठवड्याचा आलेख आपोआप तयार होतो. प्रयोग परत लावाल तेव्हा प्रत्येक वाटीत चार-पाच बिया घाला, एखादी बी मुळात खराबही असू शकते, एकीवरून काही ठरवता येत नाही. जे झालं तेच शाळेत लिहू दे, मला काय वाटलं होतं आणि काय झालं. टीचरना तेच हवं असतं.

प्रश्न: पहिली-दुसरीला होमवर्क किती असावा? आमच्याकडे रोज दीड तास जातो.
– बऱ्याच पालकांकडून

उत्तर: दीड तास फारच झाला. इयत्तेला दहा मिनिटं असा एक अंदाज बरेच जण धरतात, म्हणजे पहिलीला दहा, दुसरीला वीस. अमेरिकेतल्या हॅरिस कूपर या संशोधकांनी होमवर्कवरचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, त्यात प्राथमिकच्या मुलांमध्ये होमवर्क आणि मार्क यांचा संबंध मोठ्या मुलांपेक्षा खूपच कमी दिसला. रोज एकत्र बसून काहीतरी वाचा, ते सोडू नका. बाकीचं वीस मिनिटांत जेवढं होईल तेवढं, मग वही बंद करा आणि खाली टीचरना लिहा, वीस मिनिटं मनापासून केलं, इथपर्यंत झालं, तिसऱ्या गणिताला अडला. स्वतः पूर्ण करून देऊ नका, नाहीतर टीचरना वाटतं सगळ्या वर्गाला जमलं आणि त्या पुढे जातात.