तेल लावा, पण आधी त्याला विचारून

या वेळी तीन पत्रं घेतलीत, तिन्ही घरात आलेल्या पण पोटच्या नसलेल्या मुलांबद्दलची. पहिलं मोठं आहे म्हणून उत्तरही लांबलंय, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : ताई नमस्कार. मी नौपाड्यात राहते, वय ६८, मिस्टर बँकेतून रिटायर. लेक-जावई न्यू जर्सीला असतात, लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही, ट्रीटमेंट वगैरे सगळं करून झालं. गेल्या वर्षी त्यांनी फॉस्टरचं ट्रेनिंग घेतलं आणि आता पाच वर्षांचा एक मुलगा त्यांच्याकडे राहायला आलाय. मुलगा ब्लॅक आहे. खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर बघितलं तेव्हा मी दोन मिनिटं काही बोललेच नाही. मग तो "आज्जी" म्हणाला, लेकीने शिकवलेलं, आणि मी विरघळले. पण आता रोज काहीतरी बिनसतं. त्याचा एक गोड फोटो मी फॅमिली ग्रुपवर टाकला तर लेक इतकी चिडली की डिलीट करायला लावला. मी म्हटलं आपण त्याला ओम म्हणूया, तर म्हणे "आई, त्याला नाव आहे". केसांचं तर विचारूच नका, दर रविवारी दोन दोन तास तेच चालू, मी म्हटलं मशीन मारून टाक एकदाचं, तर फोनच ठेवला. आणि मुख्य म्हणजे त्याची खरी आई आहे आणि दर आठवड्याला हे लोक त्याला तिला भेटायला नेतात! मग हे मूल आपलं कसं? गणपतीला घेऊन या म्हटलं तर परवानगी लागते म्हणे. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "इथलंच एखादं घेतलं असतं, निदान आपल्यात मिसळून गेलं असतं." मला टोचलं पण उत्तर सुचलं नाही. मी कुठे चुकतेय?
— नाव नको, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, ती दोन मिनिटांची गोष्ट तुम्ही आपणहून लिहिलीत, त्यामुळे माझं काम निम्मं झालं. "आम्हाला काही फरक पडत नाही, आम्हाला रंग दिसतच नाही" असं लिहिणाऱ्यांना उत्तर देणं फार अवघड जातं. रंग दिसतो, सगळ्यांना दिसतो, त्या पोराला तर रोज आरशात दिसतो, आणि घरातले सगळे दिसत नाही म्हणाले की तो कोणाला विचारणार?

आता फॉस्टर म्हणजे काय ते आधी, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. फॉस्टर म्हणजे दत्तक नाही. आईबाप सांभाळू शकत नाहीत, घरात मारहाण आहे, व्यसन आहे किंवा मुलाची आबाळ होतेय असं कोर्टाला वाटलं की मूल काही काळ दुसऱ्या घरी ठेवतात, आणि पहिला हेतू असतो तो आईला उभं करून मूल परत तिच्याकडे द्यायचा. अमेरिकेत अशी साडेतीन लाखांच्या आसपास मुलं आहेत. कोर्ट आईला कामं लावून देतं, व्यसन सोड, घर बघ, पेरेंटिंगचा क्लास कर, आणि मध्ये भेटी चालू ठेवतं. १९९७ च्या कायद्याप्रमाणे मूल २२ महिन्यांतले १५ महिने फॉस्टरमध्ये राहिलं तर आईबापांचे हक्क संपवायचा अर्ज सरकारने करायचा असतो (अपवाद आहेत, मूल नातेवाइकांकडे असेल तर वगैरे), आणि ते हक्क संपले तरच दत्तकाचा विषय. म्हणजे तुमची लेक आत्ता काय करतेय बघा, ज्या मुलाला रात्री कुशीत घेऊन झोपवते त्यालाच दर आठवड्याला नीट कपडे घालून गाडीत बसवून त्याच्या आईकडे नेते, आणि ती आई सुधारू दे असं मनापासून म्हणायची तिची तयारी हवी, आणि ती सुधारली तर मूल जाणार हेही तिला माहितीय. असा जीव टांगणीला लागलेला माणूस फोनवर आईवरच चिडणार, दुसरं कोण आहे तिला? आणि ती "खरी आई" आहे, बरोबर आहे तुमचं. मग तुमची लेक खोटी का? मुलाला दोघी लागतात, त्याला त्यात काही गोंधळ वाटत नाही, गोंधळ आपला होतो.

फोटोचं लेकीचं बरोबर आहे. फॉस्टरमधल्या मुलाची ओळख बाहेर जाऊ द्यायची नाही असा नियमच असतो, आणि फॅमिली ग्रुप म्हणजे बाहेरच हो, तुमच्या ग्रुपवर चाळीस जण असतील, त्यातला एक जण स्टेटसला ठेवतोच. आपल्याकडेही बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. परदेश प्रवासाचंही तसंच, मुलाचा कायदेशीर ताबा सरकारकडे आहे, त्यामुळे देशाबाहेर न्यायला त्यांची परवानगी लागते आणि कधीकधी कोर्टाचीही, शिवाय पासपोर्ट, व्हिसा. यंदाचा गणपती व्हिडिओवर करा.

आता केस. अगदी घट्ट कुरळ्या केसांत टाळूचं तेल टोकापर्यंत उतरतच नाही, म्हणून ते कोरडे पडतात आणि पटकन तुटतात. रोज शाम्पू चालत नाही. केस ओले करायचे, भरपूर कंडिशनर लावायचं, रुंद दातांचा कंगवा घ्यायचा आणि टोकाकडून सुरू करून हळूहळू मुळाकडे यायचं, आपण लहानपणी वरून खाली ओढून घ्यायचो तसं नाही, मग ओलावा आत राहावा म्हणून तेल किंवा क्रीम, मग हवं तर बारीक वेण्या, आणि रात्री साटीनच्या अभ्र्यावर झोप, कारण कॉटन ओलावा शोषून घेतं. म्हणून रविवारचे दोन तास जातात. वेळ मोडत नाही तो, त्या दोन तासांत ते मूल मांडीजवळ बसून बोलत असतं. आणि मशीन मारायला का नको, तर डिसेंबर २०१८ मध्ये न्यू जर्सीतच हायस्कूलच्या एका ब्लॅक कुस्तीगिराला रेफ्री म्हणाला की केस काप नाहीतर मॅच गेली, आणि त्याच्या जटा तिथेच सगळ्यांसमोर कात्रीने कापल्या. व्हिडिओ देशभर फिरला, आणि पुढच्या वर्षी त्या राज्याने केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा केला. तुम्ही "मशीन मारून टाक" सहज बोललात हो, पण तिकडे त्या वाक्याला हा एवढा इतिहास आहे.

तुमच्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी बाकी कोणाकडे नाही, ती म्हणजे तेल लावायचा हात. खोबरेल त्याच्या केसांनाही चालतं. लेक भेटीला येईल किंवा तुम्ही जाल तेव्हा "लावू का रे?" असं त्याला विचारा, नाही म्हणाला तर बाटली ठेवून द्या. ही मुलं एवढ्या परक्या हातांतून गेलेली असतात की डोक्याला हात लावायच्या आधी विचारणारी आज्जी त्यांना फार लक्षात राहते.

जाऊबाईंचं वाक्य मी मुद्दाम शेवटी ठेवलं. त्यांना विचारा, इथलं म्हणजे कुठलं? मुरबाडच्या कातकरी वाडीतलं चाललं असतं का?

विचारते कारण माझीच एक गोष्ट आहे. नव्वदच्या सुरुवातीला मी नवीन नवीन एका बालगृहात लागले होते, नाव देत नाही. त्याच भागातली सहा-सात वर्षांची कातकरी मुलगी आली. नियम असा की मूल आलं की आंघोळ आणि डोक्यावर मशीन, उवांसाठी. तिच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ होती, दोरा मळून काळा झालेला. ती माळ मी कापली, मीच, आणि डब्यात टाकली. नावही तिचं ऑफिसात कोणाला नीट ऐकू आलं नाही म्हणून रजिस्टरला एक चांगलंसं नाव लिहिलं. ती रडली नाही, आम्ही म्हटलं वा, लवकर रुळली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कचऱ्याच्या डब्याशी बसलेली, आत हात घालून. डबा तर रात्रीच रिकामा झाला होता. म्हणून "ओम" वाचलं तेव्हा मला ती माळ आठवली. त्याचं नाव राहू द्या.

आणि हा वाद काही तुमच्या घरात सुरू झालेला नाही. १९७२ साली अमेरिकेतल्या ब्लॅक सोशल वर्कर्सच्या राष्ट्रीय संघटनेने जाहीर पत्रक काढून ब्लॅक मुलं गोऱ्या घरात द्यायला विरोध केला होता, म्हणणं असं की मूल स्वतःच्या लोकांपासून तुटतं आणि बाहेर जो वर्णद्वेष भेटणार तो कसा झेलायचा हे त्या घरात कोणी शिकवू शकत नाही. दुसरी बाजू म्हणायची की रंग जुळायची वाट बघत मुलं वर्षानुवर्षं संस्थेत आणि या घरातून त्या घरात फिरतात, आणि १९९४ पासून कायदा झाला की वंश जुळत नाही म्हणून मूल अडकवून ठेवायचं नाही. मला विचाराल तर दोघांचंही म्हणणं खरं आहे. म्हणून लेकीला विचारा की त्याच्या आजूबाजूला त्याच्यासारखी मोठी माणसं कोण आहेत, त्यांच्याकडच्या बार्बरकडे जातो का, शाळेत एक तरी ब्लॅक शिक्षक आहे का. पाच वर्षांचा आहे तोवर सगळे गोड म्हणतील, तेराव्या वर्षी हाच मुलगा हुडी घालून रस्त्याने चालला की लोक वेगळं बघतील आणि पोलिसांनी थांबवलं तर हात कुठे ठेवायचे हे त्याला शिकवावं लागेल, तुमच्या जावयाला ते कोणी शिकवलेलं नाही.

प्रश्न : मी ४४, अविवाहित, खारघरला स्वतःचा फ्लॅट, आयटीत आहे. दत्तकासाठी वेटिंग फार मोठं आहे असं कळलं. मैत्रीण म्हणाली फॉस्टर घे, दोन वर्षांनी आपोआप दत्तक होतं, लवकर काम होईल. खरं आहे का आणि कुठे जायचं? ठाण्याच्या ऑफिसला फोन केला तर त्यांनी आमच्याकडे येत नाही म्हणून ठेवून दिला.

उत्तर : ठाण्याचं बरोबर आहे, नवी मुंबई नवी मुंबई म्हणत आपण विसरतो की नेरुळ-बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि खारघर रायगडात. तुमचं ऑफिस अलिबागला, जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, त्यांच्याकडचा बाल संरक्षण कक्ष.

बाकी निम्मं खरं. २०२४ च्या केंद्राच्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीला फॉस्टर करता येतं, आधी जोडपंच लागायचं, आणि दत्तकाआधी मूल फॉस्टरमध्ये राहायची पाच वर्षांची अट दोनवर आली. पण "आपोआप" काही नाही. दोन वर्षांनंतरही ते मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळं असावं लागतं, आणि ते मोकळं आहे की नाही हे जिल्ह्याची बाल कल्याण समिती ठरवते. बाल न्याय कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे समितीची हरकत नसेल तर आईवडील मुलाला भेटायलाही येऊ शकतात, वरच्या पत्रातल्यासारखंच. आणि ही मुलं सहा वर्षांच्या वरची. तान्हं बाळ मनात असेल तर हा रस्ता नाहीच, सरळ काराच्या (दत्तकाचं काम बघणारी केंद्राची संस्था) पोर्टलवर नाव घाला आणि थांबा, तीन वर्षांच्या वर थांबावं लागतं. २०२४-२५ मध्ये अख्ख्या देशात ४,५१५ दत्तकं झाली आणि तो विक्रम म्हणून सांगितला, रांगेत पालक तीस हजारांच्या वर.

लवकर काम होईल या शब्दावर मी अडले, खरं सांगते. दहा वर्षांचं पोर येईल, त्याच्या उशीखाली चपाती सापडेल, बॅगेत बिस्किटं, तुमचं फ्रीज भरलेलं असलं तरी, कारण उद्या मिळेल याची त्याला खात्री नसते. ओरडायचं नाही, खाऊचा एक डबा त्याच्या हाताशी येईल असा ठेवून द्यायचा आणि तो कधीच रिकामा होऊ द्यायचा नाही. हे वाचूनही करावंसं वाटलं तर अलिबागला जा, सुट्टी टाकून जा, फोनवर होत नाही.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची, अडीच वर्षांची असताना आसाममधल्या संस्थेतून आली, घोडबंदर रोडला राहतो. चेहरा वेगळा दिसतो त्यामुळे स्कूल बसमध्ये मुलं "चिंकी" म्हणतात, ती हसून सोडते. आता शाळेने तान्हेपणीचा फोटो चार्टवर चिकटवून आणायला सांगितलाय, आमच्याकडे नाही. पुतणीचा लावू का? कोणाला कळणार नाही.

उत्तर : तिला कळेल. संस्थेने दिलेला अडीच वर्षांचा फोटो असेलच ना, तोच लावा आणि खाली तारीख लिहा. बाईंना आधी जाऊन सांगा की वर्गात सगळ्यांकडे बाळपणीचे फोटो नसतात, पुढच्या वर्षी "लहानपणीचा कुठलाही" म्हणा. चार्टवर जागा उरली तर तिला हवं ते काढू दे, माझ्या ओळखीतल्या एकीने विमान काढलं होतं, गुवाहाटी ते मुंबई, आणि सगळ्या खिडक्यांत स्वतःलाच.

हसून सोडते म्हणजे लागत नाही असं नाही. ईशान्येकडच्या लोकांना याच शब्दांनी हाका मारतात म्हणून २०१४ मध्ये केंद्राने नेमलेल्या बेझबरुआ समितीने वेगळा कायदा सुचवला होता, इतकं ते जुनं दुखणं आहे, आणि कोरोनाच्या वर्षी त्यांनाच रस्त्यात "कोरोना" म्हणून हाका मारल्या. शाळेला लेखी द्या. बसमधल्या मावशींशी मात्र उद्या सकाळीच बोला, पत्राचं उत्तर यायला पंधरा दिवस जातात.