उभ्या गाडीचे तास

वाचकांचे प्रश्न : नोकरी, पगार आणि कायदा

(उत्तरं देणारे एकोणीस वर्षं कळंबोलीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या हपिसात बुकिंग क्लार्क होते. नोकरी करता करता एलएलबी झाले. आता कामगारांचे दावे चालवतात.)

प्रश्न : माझे मिस्टर ट्रेलरवर ड्रायव्हर आहेत. आम्ही कोपरखैरण्याला राहतो, त्यांच्या शेठचं हपिस कळंबोलीला. शेठच्या चौदा गाड्या आहेत. न्हावा-शेव्याहून कंटेनर उचलायचा, भिवंडीला मानकोलीकडच्या गोदामात खाली करायचा आणि रिकामा डबा परत यार्डात टाकायचा, ही यांची फेरी. पगार १८,००० आणि फेरीमागे ६०० भत्ता. अंतर जेमतेम साठेक किलोमीटर, पण सकाळी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी घरी येतो. पोर्टाच्या लाइनीत सहा-सात तास जातात, गोदामाच्या दारात पाच तास जातात, आणि ठाण्यात अवजड गाड्यांच्या बंदीची वेळ लागली तर वाटेत आणखी थांबायचं. शेठ म्हणतात, ‘गाडी उभी म्हणजे ड्युटी बंद. झोपेचे पैसे कुणी देतं का?’ गोदामात हमाल कमी असले की यांनाच खोके उतरवायला लावतात, आणि वाराई, म्हणजे माल उतरवायची मजुरी, हीही भत्त्यातूनच जाते. दिवाळीच्या आधी पहाटे मुंब्रा बायपासला यांना डुलकी लागली आणि ट्रेलर दुभाजकाला घासला. जीव वाचला, पण पगारातून ६,००० कापले. तासांची नोंद कुठल्याच वहीत नाही. माझ्याकडे फक्त कालनिर्णय आहे. दुधाचा हिशेब लिहिते त्याच चौकोनात हे कधी गेले, कधी आले, ते लिहीत आले आहे. त्याचा काही उपयोग होईल का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ताई, होईल. सप्टेंबरच्या पानाचा जो फोटो तुम्ही पाठवलाय, तो मी दोनदा मोठा करून पाहिला. ११ तारखेच्या चौकोनात ‘दूध १॥’, त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘स. ६.१० गेले’. १२ तारखेला ‘दूध १’, खाली ‘दु. ३ आले. जेवले नाहीत.’ म्हणजे तेहतीस तासांना दहा मिनिटं कमी. कोर्टात दाखवायला म्हणून मागाहून तयार केलेला कागद अनुभवी माणसाला लगेच ओळखू येतो. त्यात सगळं एका शाईत, एका बैठकीत आणि फार नीटनेटकं असतं. तुमच्या पानावर तीन रंगांची पेनं आहेत, एका चौकोनावर हळदीचा डाग आहे आणि गणपतीत पाच दिवस काहीच लिहिलेलं नाही. या नोंदी रोजच्या रोज झाल्यात हे त्यावरूनच कळतं. एकट्या कालनिर्णयावर दावा जिंकता येणार नाही. पण त्याच्या शेजारी दुसरे कागद ठेवले की तो बोलायला लागतो. त्या कागदांकडे पुढे येतो.

‘गाडी उभी म्हणजे ड्युटी बंद’ हे काही तुमच्या शेठनी शोधून काढलेलं वाक्य नाही. आमच्या हपिसातही तेच चालायचं, आणि ते लिहिणारा हात माझा होता. ट्रिपच्या रजिस्टरात ‘हॉल्ट’ नावाचा एक रकाना असे. रात्री अकराला गेटच्या लाइनीत लागलेली गाडी सकाळी नऊला आत गेली की ‘हॉल्ट १० तास’ लिहून मी मोकळा. त्या दहा तासांत ड्रायव्हरनं गाडी तीस-चाळीस वेळा एकेक डबाभर पुढे ओढलेली असायची, कारण मध्ये फट पडली की मागचा आत घुसतो. दोनदा उतरून तो कागद दाखवून यायचा. मला हे सगळं ठाऊक होतं. मध्यरात्री त्याचे फोन माझ्याच मोबाइलवर यायचे.

आता कायदा. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा. त्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ ही मर्यादा होती. लांब पल्ल्यासाठी परवानगी घेऊन फार तर १० आणि ५४. सलग ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती, आणि एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत सलग ९ तास सुट्टी. जादा तासांना दुप्पट दर. हे आकडे बऱ्याच जणांना तोंडपाठ असतात. भांडण सगळं ‘तास’ कशाला म्हणायचं यावर होतं, आणि ते त्याच कायद्याच्या व्याख्येत लिहून ठेवलंय : गाडी चालू असतानाचं काम, अधिक जोडकाम. जोडकामात माल चढवणं-उतरवणं येतं, रजिस्टरवर सह्या करणं येतं, गाडी ताब्यात घेणं नि जागेवर लावणं येतं, तिची देखभाल-दुरुस्तीही येते. तेव्हा तुमच्या मिस्टरांनी उतरवलेला प्रत्येक खोका कामाच्या तासात बसतो. यात वादाला जागाच नाही.

वाद आहे तो नुसत्या थांबण्याचा, आणि इथे तुम्हाला आधीच सावध करतो. टर्मिनलवर ‘नुसती हजेरी’ पंधरा मिनिटांच्या आतली असेल तर ती तासांत धरायची, असं कायदा म्हणतो. शेठचा वकील याच वाक्यावर पाय रोवून उभा राहील : सहा तास म्हणजे पंधरा मिनिटांच्या वर, म्हणून ते वजा करा. त्यावर आपलं उत्तर व्याख्येतच पुढे आहे. गाडी थांबलेली वेळ वजा होते ती त्या वेळात माणूस आपल्या मर्जीचा मालक असला तर. लाइनीतला ड्रायव्हर घरी जाऊ शकतो? गाडीला कुलूप लावून जेवायला जाऊ शकतो? गाडी पुढे घ्यायची वेळ कधी येईल हे त्याला माहीत असतं? दावा लढायचा तो या मुद्द्यावर. मात्र पार्किंग प्लाझात गाडी लावून, ‘उद्या सकाळी सातला ये’ असा निरोप मिळाल्यावर तो आठ तास खरोखर झोपला असेल, तर ते तास मागू नका. एक फुगवलेला आकडा सापडला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

शिवाय जुन्या कायद्यात आणखी एक हत्यार होतं, पसाऱ्याचं. थांबे धरून, विश्रांती धरून, दिवसाचं काम एरवी १२ तासांच्या पलीकडे पसरता कामा नये. म्हणजे घटकाभर शेठचं म्हणणं मान्य केलं आणि सगळे ‘हॉल्ट’ वजा केले, तरी ११ सप्टेंबरचे तेहतीस तास बसवणार कशात?

मध्येच एक बदल झालाय तो नीट समजून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रानं चार श्रम संहिता लागू केल्या, आणि १९६१ चा कायदा कामाच्या ठिकाणच्या सुरक्षा-आरोग्याच्या संहितेत विरघळला. दिवसाचे ८ तास, दुप्पट दर आणि तासांची ती व्याख्या तिथेही आहे. पसारा किती असावा ते मात्र आता सरकारनं अधिसूचनेनं ठरवायचंय. जुना कायदा पाच कामगारांपासून लागू व्हायचा, नव्या संहितेला दहा लागतात. चार गाड्यांच्या मालकाकडे राबणाऱ्या ड्रायव्हरसाठी हा उंबरठा उंच झाला, आणि हे मला पटलेलं नाही. तुमच्या शेठच्या चौदा गाड्या असल्यानं तुमचं काही अडत नाही. बहुतेक उद्या ते सांगतील की गाड्या तिघा भावांच्या नावावर आहेत. ट्रेलरच्या दारावर कुणाचं नाव रंगवलंय आणि पगार कुणाच्या खात्यातून येतो, याचे फोटो आजच काढून ठेवा.

तुमची सप्टेंबरची फेरी नोव्हेंबरच्या आधीची. जुन्या पगार कायद्यात दाव्याची मुदत एक वर्षाची होती, नव्या वेतन संहितेत ती तीन वर्षांची आहे. मुदतीवरून भांडण नको, म्हणून जुन्या महिन्यांचा अर्ज वर्ष उलटण्याआधी टाका. नव्या संहितेत एक गोष्ट ड्रायव्हरच्या बाजूची आहे : पैसे दिले की नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. युनियनलाही कामगाराच्या वतीनं अर्ज करता येतो.

हिशेब मांडून बघू. १८,००० ला २६ दिवसांनी आणि ८ तासांनी भागलं की तासाला साधारण ८६ रुपये ५० पैसे. दुप्पट १७३. त्या एका फेरीतले दहाच तास जादाचे ठरले तरी १,७३० रुपये होतात. मिळाला होता भत्ता ६००, आणि त्यातून वाराई गेली.

वाराईवरून आठवलं. माथाडी कायदा १९६९ सालचा, आणि नवी मुंबईत तो कुणाला समजावून सांगायची गरज पडू नये. माल उतरवणं हे टोळीचं काम आहे, त्याची मजुरी माल ज्याचा त्यानं द्यायची. आपले ट्रान्सपोर्टवाले कारखानदारांसमोर ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ अशी घोषणा देत आलेत, आणि ती रास्त आहे. संध्याकाळी तेच शेठ हपिसात येऊन ड्रायव्हरच्या भत्त्यातून वाराई वळती करतात. मी ती वळती करून घेतलेली आहे, लाल शाईनं. वाराईच्या चिठ्ठ्या मिळत असतील तर जपा, नसतील तर रक्कम कालनिर्णयात लिहीत चला.

अपघाताच्या ६,००० बद्दल थोडक्यात. नुकसानीची कपात कामगाराच्या हलगर्जीपणामुळेच नुकसान झालं असेल तर, आणि तेही त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावरच करता येते. तुमच्या मिस्टरांना काही लेखी विचारलं होतं का? नसेल तर ही कपात दाव्यात वेगळी मांडा. डुलकी लागली त्याआधी किती तास ते गाडीवर होते, हे त्या तारखेच्या चौकोनात लिहिलंय का तेही बघा. हलगर्जीपणा नक्की कुणाचा, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

आता कागद. पोर्टाच्या गेटवर मिळणाऱ्या पावतीवर आत-बाहेरची वेळ छापलेली असते, गोदामाच्या गेटपासवर असते, वजनकाट्याच्या चिठ्ठीवर असते. ई-वे बिलावर ते केव्हा निघालं ते असतं. या कागदांचे फोटो मिस्टरांनी रोज काढावेत आणि तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करावेत. मूळ कागद हपिसात जमा होतात आणि मग ते सापडत नाहीत. सुपरवायझरला केलेले ‘गेटला लागलो’, ‘डॉक (माल उतरवायचा फलाट) मिळालं नाही’ हे मेसेज डिलीट करू नका. फास्टॅगचं खातं शेठच्या नावावर असल्यानं ते तुम्हाला मिळणार नाही, पण दाव्यात ते हजर करायला लावता येतं. गाडी कुठे किती वाजता होती, हे टोलच्या वेळांवरून कोपरखैरण्यात बसून सांगता येईल.

हपिस कळंबोलीत म्हणजे पनवेल तालुक्यात, जिल्हा रायगड, आणि तुम्ही राहता ठाणे जिल्ह्यात. लोक इथेच चुकतात. अर्ज घेऊन ठाण्याला जातात आणि ‘हे आमच्याकडे येत नाही’ ऐकून परततात. काम जिथून चालतं त्या जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात आधी चौकशी करा. मिस्टरांना एकट्यानं शेठसमोर उभं करू नका. त्याच हपिसातले आणखी तीन-चार ड्रायव्हर सोबत आले तर बरं, कारण एकट्याची गाडी काढून घ्यायला शेठला एक फोन पुरतो. आणि वर्ष संपलं की कालनिर्णय रद्दीत घालू नका.

प्रश्न : काका, मी ऐरोलीला एका कंपनीत रात्रपाळीत डिस्पॅचचं काम करते. अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांना लोड लावून द्यायचे. तिकडे गाडीत ड्रायव्हरच्या तासांची नोंद ठेवणारा इलेक्ट्रॉनिक लॉग असतो. ड्रायव्हर डॉकवर तीन तास अडकला की टीम लीडर सांगतो, तेवढा वेळ ‘ऑफ ड्युटी’ करून एडिट पाठव. ड्रायव्हर फोनवर म्हणतो, मी तर मालाजवळ उभा होतो. यात माझ्यावर काही येईल का? (शिफ्ट साडेआठला, पण आठला लॉगइन करून ब्रीफिंगला बसावं लागतं.)
— रात्रीची वाचक

उत्तर : गंमत बघ, वरचं पत्र आणि तुझं पत्र मला एकाच आठवड्यात आलं. रकाना तोच, फक्त तुझा स्क्रीनवर आहे.

तिकडचा नियम असा : सलग १० तास सुट्टीनंतर १४ तासांच्या चौकटीत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवायची, आणि बहुतेक कंपन्यांना ८ दिवसांत ७० तास ड्युटीची मर्यादा. माल चढवणं-उतरवणं, त्यावर देखरेख, गाडीपाशी हजर राहणं, हे तिथे ड्युटीतच मोडतं. ड्रायव्हरला कामातून खरोखर मोकळं केलं असेल तरच ‘ऑफ ड्युटी’. नुसतं ‘ऑफ’ दाखवून १४ तासांचं घड्याळ सहसा थांबत नाही, पण ७० तासांतले तास वाचतात आणि पुढचा लोड धरता येतो. तुझ्या टीम लीडरला तेच हवंय. बऱ्याच ड्रायव्हरना मैलावर पैसे मिळतात आणि संघराज्याच्या ओव्हरटाइमच्या कायद्यातून राज्याबाहेर माल नेणारे ट्रकवाले वगळलेले आहेत, म्हणून डॉकवरचे ते तीन तास बऱ्याचदा फुकटात जातात.

हपिसातून एडिट सुचवता येतो, पण ड्रायव्हरनं मान्य केल्याशिवाय तो लागू होत नाही. कारण लिहावं लागतं, आणि मूळ नोंद पुसली जात नाही. कुणाच्या लॉगइननं बदल सुचवला तेही त्यात राहतं. ते लॉगइन तुझं आहे. म्हणून पुढच्या वेळी टीम लीडरला तोंडी हो म्हणू नकोस. चॅटवर लिही : ‘ड्रायव्हर मालाजवळ होता असं सांगतो. तरी ऑफ ड्युटी करू का, लेखी कळवा.’ माझा अंदाज, लेखी उत्तर येणार नाही. आलं तर स्क्रीनशॉट ठेव.

कंसात लिहिलेल्या त्या अर्ध्या तासाबद्दल वेगळं पत्र पाठव. सोबत पगारपत्रक, आणि आठ वाजता लॉगइन झाल्याचा एखादा पुरावा जोड.